कमिशनरच्या मुलाचा मधुचंद्र

पत्र वाचलं तेव्हाच तो माणूस माझ्या मनातून उतरला. खोली हवी असलेला माणूस लिहितो, अमुक तारखेला येतोय, खोली ठेवा. ह्याने लिहिलं होतं, "सरोवराकडील बाजूस सज्जा असलेली, सकाळचे ऊन न येणारी खोली राखून ठेवण्यात यावी. मुक्काम बारा दिवस. प्रसंग विवाहोत्तर सहलीचा आहे, याची नोंद घ्यावी."

नोंद घ्यावी म्हणे! आमचं गाव गार्दा सरोवराच्या पश्चिम काठावर. सरोवर पूर्वेला. सरोवराची बाजू पाहिजे आणि सकाळचं ऊन नको, म्हणजे ह्याने पत्र मला नाही, सूर्याला पाठवायला हवं होतं.

ही छप्पन सालच्या सप्टेंबरमधली गोष्ट. मी देल्फिना. नवरा गेल्यावर घराच्या आठ खोल्या भाड्याने द्यायला लागले. थोरली बहीण एर्मिनिया स्वयंपाक बघायची. तिने लग्न केलं नाही, कारण तिच्या मते गावातल्या एकाही पुरुषाला मीठ किती घालावं कळत नव्हतं. मागच्या खोलीत आमचे बाबा, ओरेस्ते. पंचाहत्तर वर्षांचे. दिवसभर धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसायचे आणि जेवायला घरी यायचे. पत्राखालची सही होती अ. तोसात्ती. आडनाव वाचून मनात काहीतरी हललं, पण सप्टेंबरात घर भरलेलं असतं. मनात हललेलं बघायला वेळ कुणाला?

दुपारच्या बोटीने दोघं उतरली. तो तिशीच्या आतबाहेरचा, फिकट सूट, डोक्याला तेल चोपडलेलं, दोन्ही हात पाठीमागे बांधून धक्क्यावर उभा राहिला आणि पाहणी केल्यासारखा गाव बघायला लागला. हमाल त्याच्या दोन पेट्या उचलत होता. बायको स्वतःची लहानशी पेटी स्वतःच घेऊन मागे. नीवेस तिचं नाव. चोवीस वर्षांची, लोदी गावची, औषधाच्या दुकानात काम केलेली. तिने दारात पाय पुसले. त्याने नाही पुसले.

एर्मिनियाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"देल्फिना, ते पाठीमागचे हात बघ."

"बघितले. मग?"

"अगं, बापाची नक्कल आहे. कमिशनरचा पोरगा आहे हा. अल्बेरिको."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

लढाईच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत काळ्या सदऱ्यांचं, म्हणजे फॅसिस्टांचं, उरलंसुरलं सरकार आमच्याच काठावर येऊन बसलं होतं. रोममधून पळाले, वर जर्मनांचा हात, आणि आमच्या बंगल्यांत ह्यांची खाती. भूशिरावरच्या पिवळ्या बंगल्यात धान्यपुरवठ्याचे कमिशनर तोसात्ती राहायला आले. त्यांनी गिरणीला कुलूप ठोकलं, होड्या ताब्यात घेतल्या. दोन हिवाळे आम्ही चेस्टनटच्या पिठावर काढले. बंगल्याच्या धुराड्यातून मात्र पहाटे पांढऱ्या पावाचा वास यायचा आणि वारा तो वास मुद्दाम गावावरून न्यायचा. कमिशनरचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा काळ्या सदऱ्यांची ती काळी गोंड्याची टोपी घालून दोन बंदूकवाल्यांच्या पुढे गावभर हिंडायचा. लढाई संपली तसे रातोरात गाशा गुंडाळून गेले. पुढे बापाला माफी मिळाली, पेन्शनही मिळालं आणि तो आपल्या पलंगावर शांतपणे मेला, असं वर्तमानपत्रात वाचलं होतं.

"खोली नाही म्हणून सांग," एर्मिनिया म्हणाली.

"किल्ली देऊन झाली."

"मग मी त्याच्या सूपमध्ये थुंकते."

"सूप सगळ्यांचं एकच आहे," मी म्हणाले. तेवढ्यावर ती थांबली.

पहिल्याच संध्याकाळी तो बायकोला आपला बंगला दाखवायला घेऊन गेला. "आमचा बंगला" असंच म्हणाला, माझ्यासमोर. बंगला मुळात वेरोनातल्या एका ज्यू घड्याळजीचा. तो आणि त्याचं कुटुंब गाडीत कोंबून नेलं गेलं ते परत आलंच नाही. आता तिथे नन्स अशक्त मुलांचं आरोग्यधाम चालवत होत्या. फाटकावरच्या ननने विचारलं, "आपलं मूल इथे आहे का?" हा म्हणाला, "हे आमचं घर होतं." ती म्हणाली, "मूल नसेल तर भेटीची वेळ नाही," आणि फाटक लावलं. हे मला नीवेसने सांगितलं. सांगताना तिला हसू येत होतं; अजून तिला हसण्याजोगंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गावाला दर्शन दिलं. दवंडी पिटली नव्हती, कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं, तरी सबंध गाव एकच वागलं. सगळ्यांनी त्याला ओळखलं आणि कुणीही ओळख दाखवली नाही. न्हावी उबाल्दो संध्याकाळी स्वतः येऊन आम्हाला सांगून गेला.

"खुर्चीत बसला. म्हणतो, मला ओळखलंस? म्हटलं, डोकं बघून तर नाही. म्हणतो, मी तोसात्ती. म्हटलं, कुठले तोसात्ती? म्हणतो, अरे, कमिशनर तोसात्तींचा मुलगा! म्हटलं, कमिशनर म्हणजे मासळीबाजारातले का? अहो, ते तर निपुत्रिक वारले!"

एर्मिनिया इतकी हसली की तिला बसावं लागलं.

"मग?"

"मग काय! लाल झाला. मी म्हटलं, साहेब, मान स्थिर ठेवा, वस्तरा आहे. ठेवली बिचाऱ्याने. अगदी स्थिर ठेवली."

कॉफीच्या दुकानात तेच, तंबाखूच्या टपरीवर तेच. चर्चच्या पायऱ्यांवर त्याने एका म्हातारीला, "आमच्याकडे अंडी घेऊन यायचीस ना तू?" असं विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडे कोंबड्या कधीच नव्हत्या, तुमच्यासारखे लोक त्या खाऊन गेले असतील." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्याचा सुंभ जळून अकरा वर्षं झाली होती, बाप गेला होता, आता हा मिलानमध्ये शिवणयंत्रं विकणाऱ्या कंपनीत कारकुनांवर डाफरत होता. पण आमच्या गावात तो अजून छोटा मालक होता. मधुचंद्राला इथे यायचं कारणच ते. बायकोला दाखवायचं होतं, बघ, लोक मला कसे सलाम ठोकतात.

नीवेस बिचारी सज्ज्यात बसून पाण्याकडे बघायची. तिला पोहायचं होतं. त्याने नको म्हटलं, गावातले लोक बघतील. जेवायच्या टेबलावर तो तिचा काटा सरळ करायचा. ती पोलेंतावर, मक्याच्या घट्ट पिठल्यावर, मासे घ्यायला गेली की म्हणायचा, "तू ते खाऊ नकोस, ते इथल्या लोकांचं जेवण आहे." मी ताटं उचलताना ऐकायची आणि मनात म्हणायची, बये, कुठून हे माकड शोधलंस?

चौथ्या रात्रीच्या जेवणाला स्फोट झाला. बाकीचे पाहुणे जेवून उठले होते, जेवणघरात आणखी एकच जोडपं उरलं होतं, वेरोनाचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. चार दिवस कुणी विचारलं नाही म्हणून हा आतून उकळत होता. दारूचे तीन पेले पोटात गेल्यावर त्याने ठरवलं, की आपलं मोठेपण आपणच सांगावं. आवाज मुद्दाम चढवला, मास्तरांनाही ऐकू जावं इतका.

"इथले लोक आमच्यावर काय जीव टाकायचे, तुला सांगतो नीवेस. एकदा फेब्रुवारीत धक्क्यावर उभा होतो. वाऱ्याने माझी टोपी पाण्यात उडाली. एक म्हातारा कोळी होता तिथे. नाव आठवत नाही. अशांची नावं कुठे लक्षात राहतात? मी नुसतं म्हटलं, 'टोपी!' आणि म्हाताऱ्याने कपड्यांसकट उडी मारली! फेब्रुवारीत! काढून हातात दिली."

तो हसला. मास्तर हसले नाहीत. नीवेसही हसली नाही.

"कसली टोपी?" तिने विचारलं.

"काळी. गोंड्याची. नवी कोरी होती."

"गोंड्याची?"

"हो, मग?"

"तू म्हणाला होतास, तुझे वडील धान्यपुरवठ्यात होते."

"होतेच की! खोटं सांगितलं का मी?"

खोटं नव्हतंच. अशी माणसं खोटं बोलत नाहीत, फक्त अर्धं वाक्य खिशात ठेवतात.

तेवढ्यात एर्मिनिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात डाव, अंगावर पिठाचा एप्रन. अकरा वर्षांत ती पाहुण्यांसमोर कधी आली नव्हती. त्याच्या टेबलापाशी उभी राहिली आणि अगदी अदबीने विचारलं,

"मग साहेब, तो म्हातारा पाण्याबाहेर आला का?"

त्याने वर बघितलं. खरोखर आठवायचा प्रयत्न केला.

"आला असेल. मी टोपी घेतली आणि निघालो. थंडी फार होती."

एर्मिनियाने मान हलवली, "हो, थंडी होती," म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन तिने चुलीकडे पाठ करून दोन्ही हात कट्ट्यावर टेकले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि नीवेस एकटी जिना चढून गेली.

सकाळी सहाला ती स्वयंपाकघरात आली. केस विंचरलेले नव्हते.

"सिन्योरा, तो म्हातारा कोण होता?"

"आमचे बाबा," एर्मिनिया म्हणाली. पातेल्यातून डोकं वर न काढता.

नीवेस स्टुलावर बसली. मी तिला दूध-कॉफी दिली आणि सगळं सांगितलं. टोपी उडाली नव्हती. त्याने ती काढून पाण्यात भिरकावली होती. बाबा तेव्हा चौसष्ट वर्षांचे. मागे दोन बंदुका उभ्या. धक्क्यावर वीस-पंचवीस लोक होते. त्यांना हसवावं म्हणून त्याने हा खेळ मांडला होता. बाबांना तिथून घरी आणलं ते हातगाडीवर. चाळीस दिवस पडून होते. डॉक्टर म्हणाला, एक फुप्फुस गेलं समजा. अजून श्वास घेताना त्यांच्या छातीत शीळ वाजते.

"माझ्या बाबांना काळ्या सदऱ्यांनी एरंडेल पाजलं होतं," नीवेस म्हणाली. "माझ्या जन्माआधी. ते रेल्वेत होते. भर चौकात खांबाला बांधून एक लिटर एरंडेल, आणि मग तसंच उभं ठेवलं. आमच्या घरात तो शब्दसुद्धा कुणी काढत नाही. आणि मी ह्याचा हात धरून चर्चमध्ये..." ती थांबली. "काल रात्री मी त्याला विचारलं, लाज वाटत नाही? म्हणाला, अगं, लहान होतो. म्हटलं, अठरा म्हणजे लहान? म्हणाला, तू मोठं करतेयस."

"असली माणसं अशीच," मी म्हणाले. मला स्फुरण चढलं होतं. "ह्यांना बघितलं की मला अंगावर पाल पडल्यासारखं होतं. सबंध गावाने ह्यांच्याकडे पाठ केली होती. कुणी ह्यांच्या सावलीला उभं राहत नव्हतं."

एर्मिनियाने डाव आपटला.

"सबंध गावाने का? देल्फिना, सकाळच्या पारी उगाच तोंड वाजवू नकोस. बंगल्याच्या चादरी कोण धुवायचं?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. माझा नवरा आघाडीवरून आला नव्हता, घरात खायला काही नव्हतं, हे सगळं खरं. पण त्या बंगल्याचे कपडे दोन हिवाळे मीच धुतले, तेही खरं. मोबदल्यात आठवड्याला चार पाव. बाबा पाण्यातून आले, तापाने फणफणत पडले होते, त्या आठवड्यातही मी टोपली घेऊन मागच्या दाराने गेले होते. परत येताना एप्रनखाली पाव होते. बाबांना मी सांगितलं, की शेजारणीने दिले.

नीवेस माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. तिने विचारलं,

"पाव कसा लागायचा?"

"छान लागायचा," मी म्हणाले. "तेच तर."

तिने कॉफी संपवली, कप स्वतः विसळला. मग म्हणाली, "मला तुमच्या बाबांकडे घेऊन चला."

बाबा धक्क्याच्या टोकाला उलट्या होडीला पाठ टेकून बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं. मी सांगितलं, बाबा, ही आपल्याकडची पाहुणी, तोसात्तींच्या मुलाची बायको. त्यांनी जाळ्यातून नजर वर केली नाही.

"नवी आहे का?"

"पाच दिवस झाले," नीवेस म्हणाली.

"मग अजून वास लागला नसेल."

ती हसली आणि तिथेच, ओल्या दगडावर, चांगल्या घागऱ्यानिशी बसली. म्हणाली, "मी माफी मागायला आले."

"तू कशाला? टोपी काय तू टाकलीस?"

"तुम्हाला त्याचा राग नाही येत?"

"राग यायला समोर माणूस लागतो गं पोरी." श्वासाची शीळ वाजली. "मी पाण्यातून वर बघितलं, तर हा एकटाच हसत होता. त्याच्या बंदूकवाल्यांना पण हसू येत नव्हतं. इकडे बघून हसतोय, तिकडे बघून हसतोय, कुणी साथच देईना. मी काकडून मरत होतो तरी मला वाटलं, अरेरे, काय हे शेंबडं पोर! मला गारठा बाधला, राग बिग नाही." मग जाळं झटकून विचारलं, "तुला पोहता येतं का?"

"येतं. पण त्याला आवडत नाही."

"त्याला कुठे पोहायचंय?"

दुपारी नीवेसने नवऱ्याला धक्क्यावर यायला लावलं. काय सांगून आणलं ते मला ठाऊक नाही. मी आणि एर्मिनिया घराच्या ओट्यावर उभ्या होतो. उबाल्दो दुकान बंद करून आला होता. वारा दक्षिणेकडून फिरला होता आणि होड्या एकमेकींवर टकटक आपटत होत्या. अल्बेरिको आला तो हात पाठीमागेच. बाबांपुढे उभा राहून त्याने घसा साफ केला. मला वाटलं, हा चुकून दोन शब्द नीट बोलला तर मला आयुष्यभर त्याचा द्वेष नीट करता येणार नाही. पण त्याने ती वेळ आणली नाही.

"हे पाहा," तो म्हणाला, "ते दिवसच तसे होते. दोन्ही बाजूंनी चुका झाल्या. आम्ही गेल्यावर तुमच्या लोकांनी आमचा पियानो नेला, आईचे फरकोट नेले. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीही मोठ्या मनाने सगळं विसरायला तयार आहे."

पियानो घड्याळजीचा होता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. अदबीने नाही, रागाने नाही, वाटेत दगड असावा तसं त्याच्या पलीकडे नीवेसकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, वारा चांगला आहे. मध्यापर्यंत जाऊन येतेस?"

नीवेस उठली, बूट काढून हातात घेतले आणि होडीत उतरली.

"नीवेस!" अल्बेरिको म्हणाला. "नीवेस, बाहेर ये. लोक बघतायत."

"बघू देत."

"मग मीही येतो."

"होडी दोघांची आहे," बाबा म्हणाले. हे त्या दिवसात त्यांनी त्याला उद्देशून म्हटलेलं एकमेव वाक्य. होडी सहाजणांची होती. सगळ्यांना दिसत होतं, सहाजणांची आहे. त्यालाही दिसत होतं.

लांब गेल्यावर तिने घागरा काढून ठेवला आणि आतल्या झग्यावर पाण्यात उडी घेतली. काठावरून तिचं डोकं बारीक ठिपक्यासारखं दिसत होतं. कधी बुडायचं, कधी वर यायचं. तासभर ती पोहली. तेवढा वेळ तो धक्क्यावर उभा. जाणारेयेणारे त्याच्या डावीकडच्याला शुभ संध्याकाळ म्हणायचे, उजवीकडच्याला म्हणायचे. मधल्या मध्ये हा उभा. एकदा त्याने खिशातून पाकीट काढून उबाल्दोपुढे सिगारेट धरली. उबाल्दो म्हणाला, "नको साहेब, डॉक्टरने अनोळखी माणसाकडून घ्यायला मनाई केलीय."

शेवटी तो खोलीवर गेला. मला कबूल करायला हवं, पाठमोरा जाताना तो जरा लहान दिसला आणि क्षणभर मला कणव आली. मग जिन्यात त्याने मला हाक मारली, "ए बाई, गरम पाणी!" आणि कणव जशी आली तशी गेली.

त्या रात्री नीवेसने माझ्याकडे वेगळी खोली मागितली. धाकटी खोली त्याच दिवशी रिकामी झाली होती, ती दिली. सकाळी दहाच्या बोटीने तो निघाला. पेट्या खाली आल्या. तो दारात उभा राहून म्हणाला, "पाच मिनिटांत तयार हो."

"मी बारा दिवसांसाठी आलेय," ती म्हणाली.

"लग्न झालंय आपलं. लोदीला तुझी आई काय म्हणेल?"

"रडेल. मग माझ्या बाबांना कळलं की तीच त्यांना आवरत बसेल, नाहीतर ते मिलानला येतील."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही लोकांनी हिचे कान भरले."

"साहेब," मी म्हणाले, "कान तुम्हीच भरलेत. आवाज चांगला मोठा होता तुमचा."

उरलेले दिवस नीवेस आमच्यातच जेवली. इथल्या लोकांचं जेवण, दोन-दोनदा वाढून घेतलं. एर्मिनियाने तिला मासे साफ करायला शिकवलं आणि तिच्याइतका वाईट हात आपण उभ्या जन्मात बघितला नाही, असं तिच्या तोंडावर सांगितलं. रात्री कधी रडायची, भिंतीतून ऐकू यायचं. सकाळी डोळे सुजलेले आणि पाण्यात उडी. माझ्याशी ती सरळ वागायची. त्या चादरींचा विषय तिने पुन्हा काढला नाही, मीच एकदा काढला, तेव्हा म्हणाली, "तुमच्या बाबांना ठाऊक आहे, सिन्योरा. शेजारीण पाव कुठून देणार होती? ते म्हणाले, पाव चांगला होता, म्हणून विचारलं नाही." मी त्या दिवशी भांडी घासायला बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

तेव्हा आमच्या देशात घटस्फोट नव्हता. लग्न मोडायचं तर चर्चच्या धर्मपीठाकडे जायचं आणि लग्न कधी खऱ्या अर्थाने झालंच नव्हतं, हे सिद्ध करायचं. नीवेसने लोदीत पुन्हा औषधाच्या दुकानात काम धरलं आणि तसंच आयुष्य काढायची तयारी केली. पण दोन वर्षांनी अल्बेरिकोलाच घाई सुटली. मालकाची मुलगी पदरात पडत होती आणि ती लोकं चर्चमधल्या लग्नाशिवाय ऐकणारी नव्हती. म्हणून त्या पठ्ठ्याने शपथेवर लिहून दिलं, की चार रात्रींत पतिपत्नीचा संबंध आलाच नाही. ह्याच माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी मागताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावला होता! आणि कारण काय दिलं असेल? खोलीखालच्या स्वयंपाकघरातला गोंगाट आणि मासळीचा उग्र वास. यांमुळे अर्जदाराचे चित्त स्थिर राहू शकले नाही.

धर्मपीठाकडून एक तरुण फादर साक्ष घ्यायला आले. गोरेपान, कानाची पाळी लाल. त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा आतून एर्मिनियाच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो.

नीवेसचं पत्र मला आधीच आलं होतं. "तो खोटं लिहितोय आणि मीही तेच लिहिणार आहे. पाप आहे का, हे फादरना विचारायचं धैर्य नाही, म्हणून तुम्हाला विचारते." मी उत्तर पाठवलं नव्हतं.

"सिन्योरा, चादरी आपणच धुता?" फादरनी जमिनीकडे बघत विचारलं.

"मीच."

"त्यावरून... आपल्याला काही सांगता येईल?"

"फादर," मी म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांच्या चादरी धुतल्या. त्या माणसाच्या चादरीवर पुरुष झोपला होता, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही."

त्यांनी लिहून घेतलं. जाताना सूप पिऊन गेले आणि दुसरी वाटी मागितली.

लग्न रद्द झाल्याचा कागद यायला आणखी दीड वर्ष गेलं. बाबा तोवर खाटेला खिळले होते, त्यांना सांगितलं, तर "कोण तोसात्ती?" म्हणाले. त्यांचं मात्र सोंग नव्हतं, त्यांना आता खरंच आठवत नव्हतं. एकसष्टच्या मार्चमध्ये ते गेले. नीवेस मातीला आली आणि दोन दिवस राहून स्वयंपाकघर सांभाळलं, कारण एर्मिनियाने पहिल्यांदाच चुलीला हात लावला नव्हता.

पुढच्या वर्षी तिने लोदीजवळच्या एका गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलं. विधुर, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. आम्ही दोघी नवे बूट घालून गेलो. जेवणात भाताचा पार गिचका झाला होता. एर्मिनियाने ते मला तिथे ऐकवलं, स्टेशनवर ऐकवलं आणि गाडीत वेरोना येईपर्यंत ऐकवलं. मी निघताना नीवेसला विचारलं, "फिरायला कुठे जाणार?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "त्यांच्याकडे दोन गाई व्यायला झाल्यात."

तिच्या नवऱ्याने मागून दुरुस्ती केली, "तीन."